अंगरक्षकाने हसायचं कधी?

संपादक महोदय,
स. न.

रविवारच्या पुरवणीत चिनी नट जेट लीच्या 'द बॉडीगार्ड फ्रॉम बीजिंग'वरचा लेख वाचला. सोमवारी पुन्हा वाचला, तरी राग जाईना, म्हणून लिहायला बसलो. नायक सबंध सिनेमात दगडासारखा चेहरा करून वावरतो, ही तक्रार लेखकाने तीनदा केली आहे. अहो, तो अंगरक्षक आहे. त्याने हसायचं कधी?

मी पोलीस खात्यात होतो, त्यातली सहा वर्षं एका पुढाऱ्याच्या बंदोबस्ताला. आमची पहिली शिकवण हीच, की समोरच्याचं तोंड बघू नका, हात बघा. एका सत्काराच्या गर्दीत एक म्हातारा थेट साहेबांच्या पुढ्यात आला आणि त्याने पिशवीत हात घातला. मी मनगट धरलं. पिशवीतून निघालं घडी घातलेलं निवेदन, धरणात गेलेल्या जमिनीचं. साहेब माइकसमोरच माझ्यावर ओरडले, "माणसं ओळखता येत नाहीत का तुम्हाला?" लोक हसले. मी म्हाताऱ्याची माफी मागितली. त्याच्या मनगटावर उठलेले माझ्या बोटांचे वळ मला अजून दिसतात. तरीही उद्या तसाच हात पिशवीत गेला, तर मी तो धरीनच.

म्हणून या सिनेमातली बाई मला खरी वाटते. तिने खून डोळ्यांनी पाहिलाय, जीव धोक्यात आहे, पण वैतागते ती पहारेकऱ्यावर. ज्याला वाचवायचं तोच आपल्यावर चिडलेला, हे आमच्या नोकरीचं रोजचं दुखणं. आणि शेवटची मारामारी? घर गॅसने भरलेलं, अंगरक्षक आणि मारेकरी दोघंही श्वासाला महाग झालेले, तशात एकमेकांना भिडतात. 'द बॉडीगार्ड' या १९९२ च्या अमेरिकी सिनेमाची छाया या १९९४ च्या हाँगकाँगी सिनेमावर आहे, मान्य. पण 'नक्कल' म्हणून मोकळं होण्याआधी लेखकाने दिग्दर्शक कोरी युएनचा हा प्रसंग तरी नीट बघायचा होता.

आणखी एक. मथळ्यात तुम्ही 'कराटेपट' छापलंय. कराटे ओकिनावाचं, जपानचं. जेट ली बीजिंगच्या वुशू, म्हणजे चिनी युद्धकलेच्या, संघात घडला. माझी नात वुशू शिकते, रोज साडेपाचला उठून मैदानावर जाते. मथळा वाचून तिने मलाच विचारलं, "आजोबा, हे दुरुस्त कोण करणार?" तेवढी दुरुस्ती येत्या रविवारी छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त हवालदार, सातारा