काका, तो प्लग माझ्या हातात दिलात त्याबद्दल

काका,

तुम्ही आमची म्युझिक सिस्टीम दुरुस्त करायला येऊन गेलात त्याला आठवडा झाला तरी मनातून जात नाहीये, म्हणून शेवटी लिहायलाच बसलो. समोर नीट बोलताच आलं नव्हतं, नुसतं थँक्यू म्हणून दार लावलं मी.

आमच्या म्युझिक सिस्टीमची ती घूंऽऽ अशी गुणगुण, व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी चालूच. पहिला माणूस आला, स्पीकरला जरा कान लावला आणि म्हणाला अँप्लिफायर गेलाय, नवीन घ्या. दुसऱ्याने प्लगची अर्थिंगची जाडी पिनच काढून टाकली, आवाज खरंच थांबला, पैसे घेऊन तो गेला आणि मी खूश. मग आई म्हणायला लागली की बटण फिरवताना बोटांना मुंग्या येतात. त्याला फोन केला तर म्हणे थोडंफार होतंच, चप्पल घालून हात लावा. आजही हे आठवलं की अंगावर काटा येतो, त्याचा राग येतो आणि मी ऐकून घेतलं म्हणून माझाही येतो.

तुम्ही आलात आणि आवाजाचं काही विचारलंच नाहीत. आधी आईकडे वळलात, "ताई, मुंग्या कुठे हात लावला की येतात?" तिचं सगळं ऐकून घेतलंत. मग प्लग सॉकेटमधून ओढून काढलात आणि माझ्या हातात दिलात. "मी मागेपर्यंत हा तुझ्या हातातून सुटता कामा नये."

एवढंच. पण काका, स्विच बंद केलाय म्हणाला असतात तरी मी मान डोलावली असती. तुम्ही मागच्या वायरी तपासत होतात आणि तुमच्या जिवाची काळजी माझ्या मुठीत होती, आईलाही ते दिसत होतं, आणि कितीतरी दिवसांनी ती सिस्टीमच्या कपाटाजवळ न घाबरता उभी राहिली. आधीच्या दोघांनी तर मला बाजूला व्हायलाच सांगितलं होतं.

नंतर सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का ते मीटर लावून बघितलंत, तीन पिनांचा नवा प्लग बसवलात आणि गुणगुण परत आली. माझं तोंड उतरलं, तुम्ही म्हणालात, "आली ना? बरं झालं. आता चोर शोधू, राखणदाराला कशाला हाकलायचं?" मला तेव्हा कळलं की आत कधी फेज वायर सुटून पत्र्याला लागली तर करंटला जायला वाट म्हणून ती पिन असते, ती नसली की वाट म्हणजे हात लावणारा माणूस. आणि चोर निघाला टीव्हीच्या केबलची वायर! तिचं अर्थिंग वेगळ्या ठिकाणी, अँप्लिफायरचं इथे, दोन्हीच्या व्होल्टेजमध्ये जरासा फरक, म्हणून टीव्ही आणि अँप्लिफायर जोडणाऱ्या ऑडिओ वायरच्या जाळीतून ५० हर्ट्झचा, म्हणजे घरातल्या विजेचाच, करंट फिरत होता. ती केबल काढली आणि सगळं शांत, मग केबलवर सिग्नल जाऊ देणारा पण हा करंट अडवणारा छोटासा आयसोलेटर लावलात आणि झालं. अँप्लिफायरचं झाकण उघडून बघू का असं मी विचारलं तर नाही म्हणालात, प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर चार्ज धरून असतात, गरज नसताना कशाला.

तुम्हाला येतं ते काम अनेकांना येत असेल, पण ज्याच्या घरात आपण काम करतोय त्या माणसाला इजा होऊ नये ही काळजी सगळ्यांना नसते हो. तुम्ही पाच मिनिटांत पिन काढूनही जाऊ शकला असतात, आम्हाला काय कळणार होतं.

आई आता रोज स्वतःच्या हाताने व्हॉल्यूम वाढवते. परवा विचारत होती, ते काका परत कधी येतील, नुसते ऐकायला म्हणून?