कितव्या मजल्यावर?

चि. मनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तू बोलता बोलता फोन ठेवलास. आत्या म्हणाली, दोन दिवस गप्प बस, पोरगी सामान भरण्यात असेल. गप्प बसवत नाही म्हणून लिहिते आहे. पत्रात निदान तुला मधेच "आई, पुरे" म्हणता येत नाही. आणि मजल्याचा विषय मी काढणार नाही, आधीच सांगते.

तुर्कस्तानातल्या अंताक्याला जाते आहेस याचा मला आनंदच आहे. खरंच आहे. इतकी वर्षं जी मैत्रीण फोनच्या काचेत दिसली तिच्या घरी जाऊन राहणार, यात न आवडण्यासारखं काय आहे? तुझ्या वयात माझी हिंमत झाली नसती. पैसे तर नव्हतेच.

ती यायच्या आधी तुर्कस्तान म्हणजे मला परीक्षेतला प्रश्न होता: कॉन्स्टँटिनोपलचा पाडाव, १४५३, दोन गुण. मग तू जेवताना एकेक सांगायला लागलीस. तिची आजी घरात अरबी बोलते, कारण तिचा हाताय प्रांत १९३९ साली तुर्कस्तानात गेला, त्याआधी तो फ्रेंचांच्या ताब्यातल्या सीरियाकडे होता. तिथे २०१६पासून उन्हाळा-हिवाळ्याप्रमाणे घड्याळं पुढे-मागे करत नाहीत. गावातली नदी लेबनॉनमध्ये उगम पावते आणि सीरियातून येते. पुस्तकात वेगवेगळ्या पानांवर असलेले तीन देश तिच्या घराजवळच्या पाण्यात एकत्र आले, आणि आपल्या जेवणाच्या टेबलावरही.

नंतर ६ फेब्रुवारी २०२३चा तो भूकंप. तिथे पहाटेचे ४ वाजून १७ मिनिटं. मी टीव्हीवर आकडे ऐकत होते, ७.८ तीव्रता वगैरे, आणि तू फोनवरच्या एका टिककडे बघत होतीस. दुसरी टिक उमटत नव्हती. त्याच दिवशी ७.५चा आणखी एक धक्का बसला. विमानतळाची धावपट्टी उखडली होती, मदत पोचायलाच वेळ लागत होता. एकट्या तुर्कस्तानात ५०,०००हून जास्त माणसं गेली. तुझं एक माणूस त्यात होतं आणि ते वाचलं. तिचा मामा नाही वाचला. तू जेवत नव्हतीस तेव्हा थोरले काका म्हणाले, "कोण कुठली ती, हिला एवढं काय?" एवढं काय, ते मला चांगलं माहीत होतं.

कपाटातला निळ्या पाकिटांचा गठ्ठा तू पाहिला आहेस. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या सारायेवोची माझी पत्रमैत्रीण. १९८४ला तिथे हिवाळी ऑलिंपिक झालं तेव्हा तिने त्या खेळांच्या शुभंकराचं, वुच्को लांडग्याचं, कार्ड पाठवलं होतं. सुट्टीत ती केबल कारने त्रेबेविच डोंगरावर जायची. वर बॉबस्लेचा, म्हणजे बर्फावरच्या घसरगाड्यांच्या शर्यतीचा, वळणावळणाचा काँक्रीटचा मार्ग होता. मी तोवर बर्फ पाहिला नव्हता, पण त्या डोंगरावर थंडीने कान कसे दुखतात ते मला ठाऊक होतं. १९९२च्या एप्रिलपासून त्याच डोंगरावरून गावावर तोफा डागल्या जाऊ लागल्या. बॉबस्लेच्या त्या मार्गावरसुद्धा तोफा मांडल्या गेल्या. ऑगस्टमध्ये राष्ट्रीय ग्रंथालय जळलं, जिथे ती अभ्यासाला बसायची. माझं पत्र परत आलं. घरात सगळे "युगोस्लाव्हियात यादवी" म्हणायचे आणि पुढच्या बातमीकडे वळायचे. मला वळता यायचं नाही. वेढा उठायला १९९६चा फेब्रुवारी उजाडला, आणि तोवर तिच्या पत्त्यातला देशही तसा उरला नव्हता. २०१८ साली ती केबल कार पुन्हा सुरू झाली. तू कौतुकाने व्हिडिओ दाखवत होतीस आणि मी डब्यात बसलेल्या बायकांचे चेहरे शोधत होते.

तर सांगायचं हे की देश असा ओळखीचा झाला की त्याच्या बातम्या सोडून देता येत नाहीत. तू हे आता जन्मभर घेऊन बसणार. माझ्या जिवाला त्याचाच घोर आहे, विमानाचा नाही. आणि एका मैत्रिणीवरून अख्खा देश कळला असंही समजू नकोस. तिचं राजकारण तिच्या शेजाऱ्यांना पटत नसेल. भूकंपाचा विषय तू काढू नकोस, तिने काढला तर ऐक. मोकळ्या पडलेल्या जागांचे फोटो घेत फिरू नकोस. तुला तो रिकामा प्लॉट दिसेल, ती तिथे मामाचा जिना बघत असेल. जिन्यावरून आठवलं, पहिल्याच रात्री जिना कुठे आहे ते पाहून ठेव, आणि चपला पलंगाशेजारी ठेव, काचा पडल्या तर अनवाणी पळता येत नाही. बघ, झालं माझं सुरू. भाषण द्यायचं नव्हतं गं. रागावू नकोस.

बाबांना म्हणे तू सांगितलंस, चौथा मजला. मला का नाही सांगितलंस? नदीकाठच्या मऊ गाळाच्या जमिनीवर हादरे जास्त बसतात, आणि तिची नवी वसाहत टेकडीच्या बाजूला आहे, हे मला कळतं. कळून झोप येत नाही, एवढंच.

तुझा अभिमान वाटतो हे मी आत्याजवळ सहज बोलते, तुझ्याशी बोलताना शब्द अडतात. भूकंपानंतर तिच्या घरचे कंटेनरच्या तात्पुरत्या घरात राहत होते तेव्हा पहिल्या पगारातून तू काय पाठवलंस, ते मला बाबांकडून कळलं. मी तुला कधी विचारलं नाही. विचारणारही नाही.

एक काम कर. तिच्या आईला विचार, माझा नंबर दिला तर चालेल का. त्यांना इंग्रजी येत नाही, मला तुर्की येत नाही, तेव्हा गप्पा होणार नाहीत. पण त्यांच्या भावाचं असं झालं, आणि मी इतक्या दिवसांत एक ओळ पाठवलेली नाही. तू परत आल्यावरही मला त्यांची खुशाली कळत राहील.

तुझी
आई

ता. क. विम्याचे कागद बाबांनी मेल केलेत. छापून जवळ ठेव. नुसत्या फोनवर विसंबू नकोस, भूकंपाच्या वेळी तिच्या फोनची बॅटरीच आधी संपली होती.