हेमलॉकवरील कीड आणि ढालकिडे

महोदय,

अमेरिकेच्या पूर्व भागात हेमलॉक हा सूचिपर्णी वृक्ष लोकरी किडीमुळे वाळतो आहे. मूळची जपानची ही कीड व्हर्जिनियात १९५१ साली प्रथम नोंदली गेली. फांदी उलटून पाहिली की सुयांच्या तळाशी कापसाचे बारीक गोळे दिसतात, अगदी सीताफळावरच्या पिठ्या ढेकणासारखे, आणि त्यांच्या आड बसून ती अन्नरस शोषते. तिच्यावर जगणारा जेमतेम दोन मिलिमीटरचा काळा ढालकिडा जपानमधूनच आणून १९९५पासून कनेटिकटमध्ये सोडण्यात आला. मात्र त्याचे यश सर्वत्र सारखे नाही आणि एकट्याने त्याला जंगल वाचवता आलेले नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

आपल्या द्राक्षबागायतदारांना क्रिप्टोलिमस हा पिठ्या ढेकूण खाणारा, या ढालकिड्याचाच भाऊबंद परिचित आहे. त्याची अळी पांढऱ्या मेणचट तंतूंनी झाकलेली असल्याने हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. ती कीड समजून फवारणी झाली, तर सोडलेले मित्रकीटकच मरतात, याचे फार वाईट वाटते. आपल्या कृषी पानावर या अळीचे मोठे, स्पष्ट छायाचित्र बहराच्या आधी छापावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नाशिक