ग्राइंडर-ब्रेकर चालवणाऱ्या सभासदांसाठी सूचना : हाताच्या मुंग्यांबाबत

नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरीतल्या बऱ्याच जणांची तक्रार एकच आहे : रात्री हात बधिर होऊन जाग येते, सकाळी शर्टाचं बटण लागत नाही. "झटकलं की उतरते" म्हणून सोडू नका. मशीनच्या थरथरीने नसा आणि बारीक रक्तवाहिन्या दोन्ही खराब होतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत गाडी चालवताना बोटांची टोकं पांढरी पडत असतील, तर तो थरथरीने होणाऱ्या या आजाराचाच इशारा समजा. सुरुवातीला काम कमी केलं तर फरक पडतो. बधिरपणा मुरला की बोटांची जाणीव सहसा परत येत नाही.

झिजलेली किंवा टवका उडालेली डिस्क आणि बोथट छिन्नी लगेच बदला. थरथर तिथूनच वाढते. मशीन आवळून धरू नका, तिच्या वजनाला काम करू द्या. सलग चालवू नका, जोडीदाराशी आलटून पालटून घ्या. हातमोजे ऊब देतात, पण थरथर फारशी अडवत नाहीत, त्या भरवशावर राहू नका. आणि खर्रा! राग येईल, पण तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, बोटं आणखी गार पडतात.

नुसत्या गोळ्या खाऊन दुखणं दाबू नका. ईएसआय (कामगार विमा) कार्ड असेल तर त्यांच्या दवाखान्यात, नाहीतर नागपूरच्या मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज) किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत दाखवा. कोणती मशीन, रोज किती तास, आणि मुंग्या अंगठ्याकडच्या बोटांना येतात की करंगळीला, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. कोणती नस बिघडली ते त्यावरून ओळखतात.