रेड ऑक्साइड प्राइमरचा रंग न कळवता बदलल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आज सकाळी तुमच्या ग्राहक सेवेला चौथा फोन केला आणि तो ठेवल्याबरोबर हे पत्र लिहायला बसलो. पाचवा फोन करणार नाही.

मी रणगाड्यांची प्लास्टिकची छोटी मॉडेल करतो आणि त्यांना रंगाआधीचा पहिला हात म्हणून तुमचा एअरब्रशने फवारायचा रेड ऑक्साइड प्राइमर सहा वर्षं वापरतो आहे. दिवाळीत सीताबर्डीहून आणलेली बाटली संपली, म्हणून मार्चमध्ये त्याच दुकानातून दुसरी आणली. लेबल तेच, नंबर तोच, झाकणही तेच. आतला रंग मात्र वेगळा. जुना प्राइमर वाळला की जुन्या चिंचेसारखा काळपट तपकिरी दिसायचा आणि पूर्ण मॅट असायचा. नवा ताज्या विटेसारखा आहे, त्यात गुलाबी झाक आणि वर चमक. शंका नको म्हणून इतवारीतून आणखी एक बाटली घेतली. तिच्यावर हाच बॅच नंबर आणि आत हाच विटकरी रंग.

हे कळलं तेव्हा माझा 1/35 प्रमाणातला पँझर फोर हा जर्मन रणगाडा अर्धा झाला होता. हल (धड) आणि टरेट (वरचा तोफेचा बुरूज) जुन्या बाटलीतून प्राइम केलेले, चाकं आणि शुर्त्सन (बाजूचे संरक्षक पत्रे) नव्या बाटलीतून. मग सगळ्यावर एकाच कपातला डार्क यलो, तितकेच पातळ तीन हात. खिडकीपाशी नेऊन पाहिलं तर एका रणगाड्यावर दोन पिवळे! हल खाकीकडे झुकलेला, शुर्त्सन नारिंगी. अडीच महिन्यांचं काम आहे हे. शिवाय मास्किंग टेप काढताना चमकणाऱ्या प्राइमरवरून पिवळ्याचा पापुद्राच निघून आला. चार शुर्त्सनवर असं झालं. भाग साबणाच्या पाण्याने धुऊन दोन दिवस वाळवले होते, त्यामुळे 'प्लास्टिक तेलकट असेल' हे उत्तर देऊ नका. ते दुसऱ्या फोनवर मिळालं आहे.

तिसऱ्या फोनवर 'तुमच्या नागपूरच्या उन्हाने बाटली तापली असेल' असं सांगण्यात आलं. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत प्राइमर हवेतच वाळतो आणि प्लास्टिकवर भुकटीसारखा बसतो, म्हणून उन्हाळ्यात मी पहाटे साडेपाचला एअरब्रश काढतो. ऊन रंगाचं काय करतं हे मला कोणी शिकवू नये. बाटली तापली तर प्राइमर घट्ट होईल, तपकिरीचा गुलाबी होणार नाही.

आता आजचं संभाषण. वीस मिनिटं होल्डवर ठेवून तुमच्या 'वरिष्ठ' प्रतिनिधींनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, वरून रंगच मारायचाय ना? मग खालचा प्राइमर कोण बघतंय?" मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, परत सांगा. त्यांनी हसत तेच वाक्य परत सांगितलं आणि वर सल्ला दिला, "तुम्ही आमचा ग्रे वापरा ना, तो सगळ्यांवर चालतो." मी विचारलं, प्राइमर कोणी बघतच नसेल तर तुम्ही तो ग्रे, काळा, पांढरा आणि लाल अशा चार रंगांत विकता कशाला? यावर ते म्हणाले, "ते मार्केटिंगला विचारावं लागेल."

मार्केटिंगला कशाला? तुम्हाला तर माहीत आहे! काळ्यावर पातळ पिवळा मारला की तो मळकट हिरवा होतो. रशियन टी-34 रणगाड्याच्या हिरव्याखाली किंवा अमेरिकन शर्मनच्या ऑलिव्ह ड्रॅबखाली ग्रे चालतो, मीही तोच वापरतो. पण जर्मन गाड्यांना कारखान्यातच लाल-तपकिरी प्राइमर असायचा. फेब्रुवारी 1943 मध्ये वरचा रंग डार्क ग्रे बदलून डार्क यलो झाला, तरी खाली तोच लाल राहिला. शुर्त्सन म्हणजे बाहेर टांगलेले जेमतेम पाच मिलिमीटरचे पत्रे. झाडाझुडपांना घासून रंग पहिल्यांदा तिथेच उडायचा. मी तिथे पिवळा खरवडतो तो खालचा लाल दिसावा म्हणूनच. 1944 च्या अखेरीस तर काही पँथर रणगाडे पूर्ण पिवळा न मारता लाल प्राइमरवरच कॅमोफ्लाजचे पट्टे ओढून बाहेर पडले. तिथे प्राइमर हाच गाडीचा रंग. आणि तुमचा माणूस विचारतो, कोण बघतंय! मी बघतो. माझ्यासारखे जे लोक भिंग लावून काम करतात, ते सगळे बघतात.

रंगद्रव्य महाग झालं असेल, मिळत नसेल, बदला. पण नंबर बदला, लेबलवर छापा. नंबर तोच ठेवून आत दुसरा रंग भरणं ही फसवणूक आहे. मी नंबर पाहून बाटली घेतो, दुकानात झाकण उघडून बघता येत नाही.

वाईट याचं वाटतं की इथल्या महाल भागातल्या दोन मुलांना मॉडेलिंगला लावलं तेव्हा पहिली बाटली तुमचीच घ्यायला सांगितली होती. परवा त्यातला एक विचारत होता, 'काका, माझा पिवळा असा का दिसतो?' तुमचा रंग बदलला आहे हे त्याला मला सांगावं लागलं.

दोन्ही बाटल्यांचे पैसे परत करावेत, जुन्या फॉर्म्युल्याच्या दोन बाटल्या द्याव्यात आणि बदल झाल्याचं लेखी कबूल करावं. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करीन. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही, त्यामुळे रक्कम लहान आहे म्हणून मी सोडून देईन असं समजू नका.

सोबत बिलांच्या प्रती आहेत आणि एक प्लास्टिकचा चमचा. त्याच्या डाव्या अर्ध्यावर जुना प्राइमर आहे, उजव्यावर नवा, आणि वर आडवा एकच पिवळा पट्टा. तो दिवसाच्या उजेडात पाहावा आणि टाकून देऊ नये. आयोगात लागेल म्हणून तसाच दुसरा माझ्याकडे ठेवला आहे.

तुमचा सहा वर्षांपासूनचा ग्राहक,
नागपूर