वॉशिंग्टनचा फेरफार

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, ऑफिसातल्या नव्या मैत्रिणीचं आडनाव वॉशिंग्टन निघालं आणि तू पटकन विचारून बसलीस, "म्हणजे तू प्रेसिडेंटच्या घराण्यातली?" ती नुसती हसली म्हणे. अगं, अटलांटात तीन वर्षं काढलीस ना! माझी तलाठ्याची खोड तुला ठाऊक आहे, नोंद कुठून आली ते कळल्याशिवाय झोप येत नाही. दोन दिवस तेच वाचत बसलो.

मुळात हे इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव, ईशान्येकडच्या जुन्या डरहॅम मुलखातलं. शेवटचं 'टन' म्हणजे वाडीवस्ती. ११८३ साली डरहॅमच्या बिशपने आपल्या जमिनींची पाहणी करवली. तिचं दप्तर बोल्डन बुक म्हणून आजही ओळखलं जातं. त्यात नोंद आहे, की विल्यम नावाच्या इसमाने हार्टबर्न गाव देऊन बदल्यात हे गाव घेतलं. जमिनीची अदलाबदल, सरळ फेरफार! पण जमिनीबरोबर आडनावही फिरलं. हार्टबर्नचा विल्यम वेसिंग्टनचा, म्हणजे वॉशिंग्टनचा झाला; गावाच्या नावाचं ते जुनं रूप. आपल्याकडे माणूस गाव सोडतो आणि सोडलेल्या गावाला 'कर' जोडून ते नाव जन्मभर वागवतो. यांची रीत उलटी, नवी जमीन तर नवं नाव. मला तर हसूच आलं.

पुढे एक शाखा दक्षिणेला सरकली. त्यातल्या लॉरेन्सने लोकरीच्या व्यापारात पैसा केला आणि १५३९ मध्ये सल्ग्रेव्ह या गावची जमीन विकत घेतली. मठ मोडून राजाने ताब्यात घेतलेली ती जमीन. याच वंशातल्या, याच नावाच्या एका पाद्र्याला मात्र १६४३ मध्ये प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या, राजाच्या विरोधातल्या लोकांनी दारूबाज ठरवून चर्चमधून काढलं. खरं-खोटं देव जाणे, तो राजाच्या बाजूचा होता एवढं नक्की. त्याचा मुलगा जॉन तंबाखूच्या जहाजावर चढून व्हर्जिनियाला गेला आणि तिथेच राहिला. प्रेसिडेंट जॉर्ज हा त्याचा पणतू.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. जॉर्जला स्वतःचं मूल नव्हतं. आणि २००० च्या जनगणनेत अमेरिकेत हे आडनाव लावणारे सुमारे १ लाख ६३ हजार लोक होते, त्यांतले दहातले नऊ कृष्णवर्णीय. गुलामगिरी उठल्यावर कागदावर आडनाव लागायला लागलं. कुणी जुन्या मालकाचं लावलं, कुणी स्वतः निवडलं. गुलामगिरीत जन्मलेला आणि पुढे मोठा शिक्षणतज्ज्ञ झालेला बुकर टी. वॉशिंग्टन तर लहानपणी शाळेत गेला तेव्हा त्याला नुसतं 'बुकर' एवढंच नाव होतं. हजेरी घेताना बाकीच्या पोरांना दोन-दोन नावं आहेत हे त्याच्या लक्षात आलं. त्याची पाळी आली तेव्हा त्याने शांतपणे सांगितलं, बुकर वॉशिंग्टन. मास्तरांनी लिहून घेतलं. मी नोकरीत हजारो नावं लिहिली, पण ही नोंद वाचून थोडा वेळ चष्मा काढून बसलो.

म्हणून सांगतो, त्या मुलीला पुन्हा घराणं विचारू नकोस. आपणहून काही बोलली तर ऐक.

आईने मेतकूट पाठवलंय. तिलाही थोडं दे.

तुझा,
बाबा