अप-डाऊनचा नाद सोड, आधी खोली बघ

काकती,
रविवार दुपार

मर्दा बाळ्या,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला, मागं उद्यमबागेतली मशीन अशी घणघणूलीय की निम्मं कळलंच नाही, म्हणून म्हटलं फोनवर बोलण्यापेक्षा लिहूनच काढावं, नाहीतर फोनवर तू नुसतं "हां हां" करतोस आणि शेवटी करतोस ते आपल्याच मनाचं. एवढं कळलं की फाउंड्री सोडून एमए करायचं म्हणतोस, मराठीत, आणि गावातनंच रोज अप-डाऊन करणार. तर एमए कर लेका, बिनधास्त कर. अप-डाऊन नको.

मी पहिलं सेमिस्टर केलंय की तसं. आपल्या गावातनं खानापूर स्टँड, तिथनं बेळगाव साधारण 26 किलोमीटर, मग सेंट्रल स्टँडवर उतरून पलीकडची निपाणी-संकेश्वर साइडची बस धरायची आणि हायवेनं परत 18 एक किलोमीटर भूतरामनहट्टी, तिथं युनिव्हर्सिटी. सकाळी वस्तीची बस चुकली की पहिला तास गेलाच म्हणून समज. जुलैमध्ये तर आपल्याकडचा पाऊस, छत्री उघडून उपयोग नाही, मी डिपार्टमेंटमध्ये ओल्या पँटीत बसायचो आणि दुपारी बाराला पँट सुकायची. आणि 2023 च्या जूनपासनं बायकांना बस फुकट झाल्यावर गर्दी वाढली, चांगलंच झालं म्हणा, आपली आई पण आता महिन्यातनं दोनदा बाजाराला जाते, पण आपण पास काढून उभं राहायचं हे धरूनच चल. एक गंमत सांगतो, भूतरामनहट्टीचं तिकीट मागितलं की कंडक्टर विचारतो, "झू का युनिव्हर्सिटी?" दोन्ही तिथंच आहेत ना. पहिल्या आठवड्यात मी लाजून युनिव्हर्सिटी म्हणायचो, आता झू म्हणतो.

बरं ॲडमिशनचं. इथं तुला मायग्रेशनची, म्हणजे विद्यापीठ बदलायच्या दाखल्याची, कटकट नाही कारण आपलं कॉलेज राणी चन्नम्मा विद्यापीठाखालचंच. पूर्वी सगळं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात होतं, इथं नुसतं त्यांचं पदव्युत्तर सेंटर होतं, 2010 ला वेगळं विद्यापीठ झालं. काकांच्या वेळी मार्क्स कार्ड आणायला धारवाड गाठायला लागायचं, ते अजून ती कहाणी सांगतात. तुला लागणार सगळ्या सेमिस्टरची मार्क्स कार्डं, टीसी, आधार, एसएसएलसीचं म्हणजे दहावीचं कार्ड आणि नाडकचेरीतलं, म्हणजे महसूल ऑफिसातलं, जात-उत्पन्नाचं सर्टिफिकेट. आपण कर्नाटकातल्या मागासवर्गाच्या थ्री बी गटात येतो, ते सर्टिफिकेट त्यावरच्या आरडी नंबरसकट आत्ताच काढून ठेव, फॉर्म सुटल्यावर धावलास तर मेलास. स्कॉलरशिपला पण तोच नंबर लागतो आणि सरकारी बीसीएम, म्हणजे मागासवर्गाच्या, हॉस्टेलला पण तोच.

आणि नाव बघ, नाव. माझं काय झालं सांगतो. आधारवर आडनाव एक, एसएसएलसीवर इंग्लिशमध्ये एक अक्षर जास्ती, आणि जातीच्या दाखल्यावर कन्नडमध्ये लिहिलेलं त्याचं परत इंग्लिश केल्यावर आपल्या घराण्याचं नावच बदललं. तीन कागद, तीन माणसं. एका कचेरीत साहेबानं तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले, माझ्याकडं बघितलं आणि कन्नडमध्ये विचारलं, यातला तू कुठला? बाकीचे हसले. मला हसू यायला दोन महिने लागले, कारण तेवढे दिवस ॲफिडेव्हिट, शिक्का, परत ये, आज साहेब मीटिंगला. तेव्हा आज रात्रीच तिन्ही कागद काढून नाव जुळतंय का बघ, उद्या नाही.

कोल्हापूरचं पण विचारलंयस. तिथं मन ओढणार हे मला माहीत आहे, शिवाजी विद्यापीठ 1962 पासनंचं, 853 एकराचा कॅम्पस, मोर फिरतात, मेन बिल्डिंगसमोर महाराजांचा घोड्यावरचा पुतळा, आपण गेलो होतो तेव्हा तू तिथनं हलायलाच तयार नव्हतास. कमवा आणि शिका पण आहे, काम करून शिकता येतं. पण इथनं गेलास की मायग्रेशन आलं, एलिजिबिलिटी आली, आणि आपला थ्री बीचा दाखला कर्नाटकाचा, तो कागलच्या पुढं, महाराष्ट्रात, रिझर्वेशनला कामाचा नाही. इंजिनिअरिंगला त्यांच्याकडं सीमाभागातल्या मराठी पोरांसाठी टाइप ई म्हणून वेगळा प्रकार आहे, आपल्या 865 गावांचा वाद चालू आहे ना त्यातलंच ते, पण एमएला तू जाऊन स्वतः विचारून ये. बेळगावातनंच 110 किलोमीटर, म्हणजे महिन्यातनं एकदा घर. तुझ्या बाबांचं ऑपरेशन होऊन वर्ष पण झालं नाही. मराठी इथल्या डिपार्टमेंटला पण आहे. मी काय सांगू, तूच ठरव, पण मला विचारशील तर इथंच ये.

आता मुख्य मुद्दा, खोली. पोरं आधी ॲडमिशन घेतात आणि मग खोली शोधतात, मी पण तेच केलं. हॉस्टेलचा फॉर्म भरायला उशीर केला, चूक माझीच, मग बेळगावात एका ठिकाणी पेइंग गेस्ट म्हणून घुसलो. तिघांच्या खोलीत पाच कॉट, टाकीतलं पाणी सकाळी सातला संपायचं, आणि सोडताना मालकानं भिंतीला परत रंग द्यायचा म्हणून डिपॉझिटमधले निम्मे कापले. रंग मी लावला नव्हता आणि खरवडलाही नव्हता, पण भांडायला माझ्याकडं कागद नव्हता. तू डिपॉझिट दिलंस तर चिठ्ठीवर सही घे, मालक कितीही "आपलाच पोरगा" म्हणाला तरी. आपलाच पोरगा म्हणणाऱ्यानंच कापले माझे.

काकतीला आलो आणि जरा माणसात आलो. गाव हायवेलाच, कॅम्पसच्या वाटेवर, राणी चन्नम्माचा जन्म इथलाच. मालकीण कन्नड, आम्ही अक्का म्हणतो. खोली बघायला गेलो तेव्हा पाच मिनिटं नुसता इंटरव्ह्यू: कुठलं गाव, घरी कोण कोण, मटण शिजवणार का, रात्री किती वाजेपर्यंत लाइट. मी माझ्या मोडक्या कन्नडात उत्तरं दिली, ती तिच्या मोडक्या मराठीत विचारत होती, आणि शेवटी दोघांनाही कळेना कोण कुणाची भाषा बोलूलंय. आता रोज दारातनं "ऊटा आतेन्री", म्हणजे जेवण झालं का, विचारते. नाही म्हटलं तर भाकरी आणि शेंगा चटणी, हो म्हटलं तरी ताक.

एक पार्टनर गोकाक साइडचा. तो आणि मी पहिला महिना क्रिकेटवरच बोललो, बाकी विषय दोघांनीही टाळला. मग आला 1 नोव्हेंबर, त्यांचा कर्नाटक राज्योत्सव आणि आपला काळा दिन. पहाटे उठून तो आरशासमोर लाल-पिवळा शेला घालूला, चन्नम्मा सर्कलला राज्योत्सवाला, आणि मी कपाटातनं काळा शर्ट काढूलो, संभाजी उद्यानातनं फेरीला. एकच आरसा. तो बाजूला झाला, म्हणाला, "तू पहिला बघ, तुझं सायकलवर जायचं आहे." संध्याकाळी दोघं परत आलो, दोघांचाही घसा बसलेला. मूक सायकल फेरी म्हणतात पण मूक कुठली राहते, तुला माहीतच आहे. अक्कानं एका तांब्यात मीठ-पाणी गरम करून आणून ठेवलं आणि दोघांना मोरीत उभं करून गुळण्या करायला लावल्या, वर दोघांनाही शिव्या, एकदम कन्नडमध्ये. मराठीत शिव्या तिला येत नाहीत अजून.

बाकी मजा म्हणशील तर फार नाही, शिकायला आलोय असं सांगतो सगळ्यांना. संध्याकाळी गाड्यावर गिरमिट-मिरची, शिवजयंतीचे चित्ररथ बघायला वैशाखात शहरात रात्रभर, जत्रेला कुणाच्या तरी गावात जेवण. बस. एनईपीमुळं, म्हणजे नव्या शिक्षण धोरणामुळं, आपल्या 2021 च्या बॅचचं काय झालं माहीत आहे, चौथं वर्ष करू का सोडू यातच निम्मे गळाले, मग 2024 ला परत तीन वर्षांची डिग्री आणली, त्यामुळं इथं आपल्यापेक्षा लहान पोरंच जास्ती भेटतील. दादा म्हणतील तुला. सवय कर.

तर आता असं कर. आमच्या खोलीतला तिसरा पोरगा परीक्षा झाली की गावाला परत जाणार, त्याची जागा मी अजून कुणाला सांगितली नाही. तिघांत मिळून 4500 पडतं, मेस वेगळी. पुढच्या रविवारी ये, दुपारनंतर, सकाळी अक्का देवळात असते. कपडे नीट घाल, ती भट्टीतल्या डागाची पँट नको. मटणाचं विचारलं तर "बाहेर खातो" म्हण, खोटं पण नाही ते. आणि येताना काकूंकडनं दोन किलो रताळी आण, आपल्याकडची लाल, अक्काला भाजून खायला लई आवडतात, गेल्या वर्षी मी आणली होती तेव्हा महिनाभर लाइटबिलाचं नाव काढलं नव्हतं.

तुझा,
झूचं तिकीट काढणारा